विझकाया: समुद्रकाठच्या हवेलीची बाग आणि आपल्याकडचं ऊन-पाणी

नहरकाठ (छत्रपती संभाजीनगर)

अमेरिकेत मायामीजवळ, बिस्केन उपसागराच्या अगदी काठाला विझकाया नावाची जुनी हवेली आहे. तिच्याबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक वास्तूबद्दल: इटालियन धाटणी, युरोपातून जहाजाने आणलेले दरवाजे, छतं, शेकोट्या. मला तिच्या बागेबद्दल लिहायचं आहे. मी बागा आखण्याचं काम करते. एका मुलखातली बाग दुसऱ्या मुलखात नेताना ती कुठे रुजते, कुठे अडते आणि आखणाऱ्याला कुठे आपला नकाशा गुंडाळून ठेवावा लागतो, हे शिकायला विझकायासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. मराठवाड्यात सध्या शेतघरांच्या आणि बंगल्यांच्या बागा ज्या पद्धतीने उठतात ते बघते, म्हणून हा विषय इथे मांडते आहे.

मालक जेम्स डीअरिंग. घराणं शेतीच्या यंत्रांचं. १९०२ साली मोठ्या कंपन्या एकत्र येऊन 'इंटरनॅशनल हार्वेस्टर' झाली, त्यात डीअरिंगांचा कारखाना होता आणि जेम्स तिथे उपाध्यक्ष होता. प्रकृती नाजूक, शिकागोची थंडी सोसेना, म्हणून हिवाळ्यात राहायला त्याने हे घर बांधलं. १९१६च्या नाताळात तो राहायला आला. घराचा वास्तुरचनाकार एफ. बरॉल हॉफमन, सगळ्या कामावर नजर ठेवणारा पॉल चाल्फिन आणि बाग आखणारा दिएगो सुआरेझ. सुआरेझ मूळचा कोलंबियातल्या बोगोटाचा, शिक्षण फ्लॉरेन्सला. १९१४ साली डीअरिंग आणि चाल्फिन फ्लॉरेन्सला गेले तेव्हा यानेच त्यांना आसपासच्या जुन्या हवेल्या आणि बागा हिंडून दाखवल्या. पुढे तो न्यूयॉर्कला आलेला असताना पहिलं महायुद्ध पेटलं, युरोपात परत जाणं अडलं, चाल्फिनशी पुन्हा गाठ पडली आणि हे काम त्याच्या हाती आलं.

आता मुख्य मुद्दा. सुआरेझने पहिला आराखडा न्यूयॉर्कमध्ये बसून काढला. अगदी इटालियन रीतीचा: घराच्या दक्षिणेला गच्ची, तिथून पायरीपायरीने खाली उतरत जाणारी बाग आणि शेवटी पाणी. इटलीत बागा डोंगरउतारावर असतात, त्यामुळे तिथे हे शोभतं. मग तो मायामीला गेला. दक्षिणेच्या गच्चीवर उभा राहिला आणि समोरच्या तळ्यावरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने त्याचे डोळे दिपले. समोर बघवेना. ज्या दिशेला सगळी बाग उघडायची त्याच दिशेला नजर टिकत नाही म्हटल्यावर त्याने आराखडा उलटा केला. बाग खाली उतरवण्याऐवजी शेवटाला उंच केली. तिथे मातीचा टेकाड रचला, त्यावर मोठी झाडं आणली, मध्ये 'कसीनो' म्हणतात तशी छोटी बागवास्तू उभी केली आणि टेकाडावरून पाण्याचा जिना खाली सोडला. टेकाडाने चमक अडवली. गच्चीवरून बघणाऱ्याला उन्हाऐवजी सावली दिसू लागली. मधला मोठा पट्टा सरळ टेकाडाकडे जातो आणि दोन वाटा पंख्याच्या काड्यांसारख्या बाजूंना फाकतात, तेही याच बदलातून जुळलं.

मला यात सुआरेझचं मोठेपण दिसतं. हातात तयार नकाशा होता, मालक पैसेवाला होता, जागेवर न जाताही काम रेटता आलं असतं.

युद्धामुळे मजूर आणि माल मिळेना, त्यामुळे बागेचं काम रेंगाळलं आणि १९२२च्या सुमाराला संपलं. तेव्हा सगळी मालमत्ता १८० एकरांची होती. पैकी आखीव बाग जेमतेम दहा एकर. बाकीचं बरंचसं जंगल, आणि ते मुद्दाम राखलेलं. समुद्रकाठच्या चुनखडीवर वाढणारं तिथलं दाट रान डीअरिंगने तोडू दिलं नाही. घर काठाला सरकवलं आणि येण्याचा रस्ता रानातून नेला.

ज्यांना समुद्रकाठच्या, किल्ल्यातल्या, वाड्यातल्या अशा जुन्या बागांबद्दल काही माहिती असेल त्यांनी जरूर लिहावं.

बी_२७५ (औसा, जि. लातूर)

ताई, इंटरनॅशनल हार्वेस्टर वाचलं आणि पुढं वाचायच्या आधी एक सांगतो. आमच्या दारात ज्या ट्रॅक्टरवर मी शिकलो तो बी-२७५. महिंद्राने १९६३ला याच इंटरनॅशनल हार्वेस्टरसोबत कंपनी काढली आणि तो ट्रॅक्टर हिकडं आला. मडगार्डवर नाव होतं, वडील रोज फडक्यानं पुसायचे. त्या कंपनीच्या पैशातून समुद्राकाठी एवढी बाग उभी राहिली हे आज कळालं. लई आनंद झाला.

आता माझं काम. औशाजवळ शेतात घर बांधायलोय. घराच्या पश्चिमेला शेततळं आहे, प्लास्टिकचा कागद टाकलेलं. वऱ्हांडा तळ्याकडं तोंड करून घेतला, म्हणलं संध्याकाळी पाणी बघत बसावं. आता स्लॅब पडल्यावर कळायलंय की चार वाजल्यापासून तिथं कुणी बसूच शकत नाही. तुमच्या सुआरेझचं जे झालं तेच. आर्किटेक्टनं फोटो दाखवलाय त्यात पूर्ण हिरवळ, कडेनं पामची झाडं, मधी कारंजं. पाणी बोअरचं, खारट आहे. काय करावं?

नहरकाठ

दादा, तुमच्या वऱ्हांड्याचं आधी बघू.

डीअरिंगचं घर हिवाळ्यात वापरायचं होतं, हे लक्षात घ्या. मायामीला डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून साधारण ४१ अंशांवरच असतो, आणि असतो दक्षिणेला. दक्षिणेला पाणी असलं की दिवसभर ते ऊन परतून तोंडावर येतं. आपल्याकडे लातूर-संभाजीनगर पट्ट्यात डिसेंबरातली दुपार ४७-४८ अंशांवर, म्हणजे थोडी वर. आपल्याला दक्षिणेपेक्षा जास्त जाचते ती पश्चिम. मार्च ते मे संध्याकाळी चार ते साडेसहा ऊन आडवं येतं, आणि सूर्य जितका खाली तितकी पाण्यावरची चमक अधिक. वरून पडणारं ऊन पाणी बरंचसं पोटात घेतं, तिरकं आलेलं मात्र परत फेकतं. त्यात शेततळ्याचा कागद काळा असला तरी वरचा पाण्याचा पत्रा चमकतोच.

उपाय सुआरेझचाच: पाणी आणि वऱ्हांडा यांच्या मध्ये उंची आणा. तळं खोदताना निघालेला मुरूम अजून बांधावर पडलेला असेल. तो वऱ्हांड्यापासून वीस-पंचवीस फुटांवर लांबट टेकाडासारखा ओढून घ्या. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना तळ्याचा पृष्ठभाग दिसेनासा झाला की पाण्यावरून येणारी चमक संपली, मग चार-साडेचार फूट उंचीही पुरते. वर काळी माती एकटी टाकू नका. ती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसात उतारावरून घसरते. मुरमावर माती आणि शेणखत मिसळून जाड थर द्या, चढ सौम्य ठेवा. सूर्य थेट डोळ्यांत येतो त्यासाठी टेकाडावर झाडं लागतील. ती तळ्याच्या बांधावर लावू नका, मुळं कागद फोडतात आणि पानगळ पाण्यात सडते.

आणि एक बाजू मोकळी सोडा, जिथून पाणी दिसेल. वायव्येकडे सोडली तर उन्हाळ्याचे शेवटचे दोन-तीन महिने तिथे ऊन येईल, नैर्ऋत्येकडे सोडली तर हिवाळ्यात येईल. हिवाळ्यातलं संध्याकाळचं ऊन आपल्याला हवंच असतं.

हिरवळ, पाम आणि खारट पाणी याबद्दल आपल्या धाग्यांवर परभणीचे काका असतात, त्यांनी सांगावं.

गोदातीर (परभणी)

आलो. आयुष्य कृषी खात्यात गेलं, त्यामुळे झाडांपुरतं बोलतो.

नहरकाठताईंनी विझकायाचा एक भाग वगळला तो मी जोडतो, कारण माझ्या दृष्टीने तोच सर्वांत उपयोगाचा. इटालियन बागेचा कणा म्हणजे छाटलेलं हिरवं कुंपण. जमिनीवर नक्षी काढावी तशी गुडघ्याएवढी कुंपणं, त्यांच्या मध्ये खडी किंवा फुलं. युरोपात हे बॉक्सवुडने करतात. बॉक्सवुडला थंडी लागते. मायामीच्या दमट उकाड्यात त्याचा निभाव लागणं कठीण. तेव्हा विझकायात ती नक्षी चमेलीवर्गातल्या एका झुडपाने केली. म्हणजे आपल्या जाई-कुंदाची चुलत बहीण. पान चकचकीत, कात्री सोसणारी, बारा महिने हिरवी. नकाशा इटलीचा राहिला, झाड मात्र उष्ण मुलखातलं आलं. लांबून बघणाऱ्याला फरकही कळत नाही.

औशाचे दादा, तुमच्या आर्किटेक्टला फोटोतला आकार हवा असेल तर आकार घ्या, झाड आपलं घ्या. कुंपणाला कोयनेल लावा. ती मूळची खाडीकाठची वनस्पती, खारं पाणी तिच्या रक्तात आहे. बकरी सहसा तोंड लावत नाही, दोन वर्षांत कंबरेएवढं घट्ट कुंपण होतं. मेंदीही चालते, पण दर महिन्याला कात्री लावणारा माणूस हवा. टेकाडावर कडुनिंब, करंज, कांचन. करंज आपल्या मातीत कुठेही येतो आणि उन्हाळ्यात जेव्हा सावली हवी तेव्हाच पोपटी पालवी घेऊन उभा असतो.

हिरवळीबद्दल कळकळीने सांगतो, करू नका. निदान सगळीकडे करू नका. उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज लागतं. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर, म्हणजे रोजचे पाचशे-सहाशे लिटर, फक्त एका गुंठ्याला. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात तुम्ही राहता. शिवाय बोअर खारट. खारं पाणी रोज वरून शिंपडलं की पाणी उडून जातं आणि क्षार मातीत राहतात. काळी माती त्यांना घट्ट धरून ठेवते, निचरा होत नाही, वर पांढरी पापुद्री धरते, गवत टोकांकडून पिवळं पडत जातं. समुद्रकाठी क्षार वाऱ्याबरोबर पानांवर येतात, आपल्याकडे ते खालून, बोअरमधून येतात. विझकायाची चुनखडीची जमीन सच्छिद्र, पाऊस पडला की क्षार धुऊन निघतात. आपल्याकडे पाऊसही बेताचा. हिरवळ हवीच असेल तर वऱ्हांड्यापुढे नातवंडांना लोळण्यापुरती, आणि तिला शेततळ्यातलं पावसाचं पाणी द्या.

कारंज्याचंही तेच. जड पाण्याने तोट्या वर्षभरात पांढऱ्या होऊन बुजतात.

विषयाच्या कडेची एक गोष्ट सांगतो, राहवत नाही म्हणून. १८८९ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने हिंदुस्थानातून आंब्याची कलमं मागवली. त्यातलं 'मलगोबा' या नावाचं एक फ्लोरिडात तगलं, १८९४-९५ची कडाक्याची थंडीही त्याने काढली. त्याच्या कोयींपासून कॅप्टन हेडन नावाच्या गृहस्थाने १९०२ साली कोकोनट ग्रोव्हमध्ये रोपं केली, १९१० साली फळ धरलं आणि 'हेडन' ही जात झाली. कोकोनट ग्रोव्ह म्हणजे विझकायाचा शेजार. ही हवेली उभी राहत होती तेव्हा शेजारच्या गावात आपल्याकडच्या आंब्याचा वंश वाढत होता. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र संभाजीनगरच्या हिमायतबागेत आहे. तिथे जुन्या आंब्यांखाली उभं राहिलो की मला ही गोष्ट हमखास आठवते.

उंबरठा (जालना)

धागा वाचला, माहिती चांगली आहे. पण मनातलं बोलतो. शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन धनिकाच्या हिवाळी घराचं कौतुक आपण का करावं? आपल्याकडे मकबरा आहे, पाणचक्की आहे, नळदुर्गचा पाणीमहाल आहे, खुलताबादला बनी बेगमची बाग आहे. या बागा कशा आखल्या हे शाळेतल्या मुलांना सोडा, गाईडलाही सांगता येत नाही. आधी त्यावर धागे निघावेत असं मला वाटतं. आणि डीअरिंगच्या बागेत घाम कुणी गाळला, तेही लिहा.

खापरी_नळ (छत्रपती संभाजीनगर)

उंबरठाभाऊ, तुमचा राग मला पटतो. पण दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नाच्या आहेत, म्हणून मी इथेच लिहितो.

चारबागही बाहेरूनच आली. इराणातून, मध्य आशियातून. भिंतीने बंद केलेला चौकोन, त्याचे पाण्याच्या पाटांनी पाडलेले चार भाग, मध्ये वास्तू. १६६०च्या सुमाराला बीबी का मकबरा उभा राहिला तेव्हा आखणी तीच होती. तट साधारण ४५८ मीटर बाय २७५ मीटर. मग या कोरड्या पठारावर तिला पाणी कुठून मिळणार? इथे आपल्या शहराचं खरं वैभव येतं. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी, म्हणजे आजचं संभाजीनगर, वसवताना डोंगरातलं पाझराचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, आणि पुढे दीडशे वर्षं नवनव्या नहरी होत राहिल्या. तेव्हा इथे बागा जगल्या त्या नहरींच्या जिवावर.

ज्यांनी नहर जवळून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आत भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवलेले असतात, भोवती चुन्याचं घट्ट वेष्टन. फुटक्या नळाचा तुकडा हातात घेतला तर आतल्या बाजूला पाण्याने साचवलेला क्षाराचा थर दिसतो, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखा एकावर एक. गोदातीरकाकांनी कारंज्याच्या तोट्यांबद्दल जे लिहिलं ते इथे शेकडो वर्षांचं साठलेलं आहे. मध्ये मध्ये दगडी मनोरे, त्यांना आपल्याकडे बंब म्हणतात. पाण्याचा दाब आणि अडकलेली हवा तिथे मोकळी होते, गाळ खाली बसतो. पाणचक्कीत हेच पाणी दाबाने भिंतीत वर चढवलंय आणि उंचावरून हौदात सोडलंय. पडणाऱ्या पाण्याचा आवाज, खाली जातं फिरवणारा प्रवाह आणि हौदाच्या खालच्या दालनातला गारवा, तिन्ही गोष्टी एकाच पाण्यातून काढल्या आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी त्या दालनात जाऊन या, मग 'लँडस्केप' कशाला म्हणतात ते कळेल.

मकबऱ्यात आज जी मोकळी हिरवळ दिसते तिला मूळ चारबाग समजू नये. मुघल बागेत फळझाडं असत, सावली असे, फुलं असत, आणि फळांचं उत्पन्नही बागेच्या खर्चाला लागे. ताजमहालच्या बागेतली दाट झाडी विरळ होऊन तिथे इंग्रजी पद्धतीची हिरवळ आली ती लॉर्ड कर्झनच्या काळात. तीच नजर देशभरच्या स्मारकांवर फिरली. म्हणजे परकी बाग आपल्या डोक्यात बसली ती बंगल्यांच्या फोटोंमुळे आज नव्हे, शंभर वर्षांपूर्वीच.

आणि कुणी घाम गाळला यावर: मकबऱ्याच्या दरवाजावर लेख आहे, त्यात वास्तुरचनाकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय ही नावं कोरलेली आहेत. विझकायात सुआरेझचं काय झालं ते नहरकाठताई सांगतील.

आसनाकाठ (मूळ नांदेड, सध्या फ्लोरिडा)

मी इथे राहते, विझकायाला जाणं होतं, पाहुणे आले की हमखास. जे डोळ्यांनी दिसतं ते लिहिते.

दगड बघा, एवढंच मी प्रत्येकाला सांगते. बागेतल्या भिंती, कठडे, पायऱ्या बऱ्याचशा इथल्याच चुनखडीच्या आणि प्रवाळाच्या दगडाच्या, काही क्यूबाहून आणलेल्या. जवळ जाऊन बोट फिरवलं की शिंपल्यांचे ठसे लागतात, प्रवाळाची जाळी लागते. दगड मऊ आणि सच्छिद्र आहे. त्यात खारा वारा, दमट हवा, शेवाळ. दहा-वीस वर्षांत तो शेकडो वर्षांचा दिसायला लागतो. हवेली जुनी वाटावी अशी मालकाची इच्छाच होती, ती दगडाने लवकर पुरी केली. पण आता तोच गुण मुळावर आला आहे. पुतळ्यांची नाकं, बोटं, वस्त्रांच्या चुण्या विरत चालल्या आहेत.

घरासमोर समुद्रात दगडी नौका आहे. खरीखुरी नौका नव्हे, नौकेच्या आकाराचा लाटा अडवणारा बांध. त्यावरची शिल्पं अलेक्झांडर स्टर्लिंग काल्डरची. शोभेची वस्तू आणि धक्क्याला शांत पाणी देणारी भिंत अशी दोन कामं ती करते. माझ्या मते सगळ्या बागेतली ही सर्वांत हुशार वस्तू. आणि सर्वांत जास्त मार खाते तीही हीच.

वादळांचा इतिहास हा बागेचाच इतिहास आहे. डीअरिंग १९२५ साली वारला. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९२६ला, मायामीवर मोठं चक्रीवादळ आलं. बाग समुद्राच्या पाण्याखाली गेली, झाडं उपटली, शिल्पं पडली. वारसांनी १९३०च्या दशकात चाल्फिनला परत बोलावून डागडुजी करून घेतली, घर लोकांना बघायला खुलं केलं, पण खर्च झेपेना. १९४५ साली दक्षिणेकडची बरीच जमीन कॅथलिक चर्चकडे गेली आणि तिथे रुग्णालय झालं. त्या जमिनीतच बागेचा दुसरा अर्धा भाग होता: पाण्यातली बेटं, त्यांच्यामधले कालवे, पूल, होड्या. आज तो नकाशात आणि जुन्या फोटोंतच बघायला मिळतो. घर आणि उरलेली बाग १९५२ साली काउंटीने, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेने घेतली आणि पुढच्या वर्षी संग्रहालय उघडलं. पुढे २००५ला कॅटरिना आणि विल्मा, २०१७ला इर्मा. समुद्राची पातळी चढते आहे, मोठ्या भरतीला पाणी धक्क्याच्या पायऱ्या गिळतं.

काठाची खारफुटी मात्र वादळातही पाय रोवून असते. आखीव बाग दर वेळी नव्याने दुरुस्त करावी लागते, राखलेलं रान स्वतःहून सावरतं. हे मी इर्मानंतर बघितलं आहे. आखीव भागात महिनोन् महिने कामगार होते, तेव्हा रानातल्या मोडक्या फांद्यांना पालवी फुटून गेली होती.

नहरकाठ

आसनाकाठताई, तुमचा प्रतिसाद आला म्हणून धागा पुरा झाला असं वाटलं. सरकवलेलं घर आणि राखलेलं रान, या निर्णयाचं मोल तुम्ही दाखवलंत.

उंबरठादादांनी घामाचं विचारलं. बांधकाम जोरात होतं तेव्हा हजारावर माणसं कामाला होती, आणि त्या वेळी मायामीची सगळी वस्ती दहा हजारांच्या आसपास. मजुरांत, गवंड्यांत, माळ्यांत बहामा बेटांवरून आलेले कृष्णवर्णीय खूप होते. प्रवाळाचा दगड कसा फोडायचा, कसा रचायचा, त्या उन्हात कोणतं झाड कधी हलवायचं हे ज्ञान त्यांच्या हातात होतं, कारण त्यांच्या बेटांवर तोच दगड आणि तीच हवा. सुआरेझ फ्लॉरेन्सला शिकला, पण मायामीची माती कळत होती ती या लोकांना. माझ्या मते चमेलीच्या कुंपणापासून दगडी जिन्यापर्यंत या बागेत जे जे टिकलं त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि बागेच्या इतिहासात त्यांना जागा मिळायला फार उशीर झाला.

सुआरेझलाही वाट बघावी लागली. चाल्फिनने सगळ्याचं श्रेय स्वतःकडे घेतलं. घर नावाजलं गेलं, बाग नावाजली गेली, सुआरेझचं नाव कुठेच नाही. १९५३ साली वर्तमानपत्रात पुन्हा चाल्फिनचीच वाहवा छापून आली तेव्हा हॉफमनने हरकत घेतली, आणि मग कुणी काय केलं याचा निवाडा हळूहळू व्हायला लागला. सुआरेझ १९७४ साली वारला, त्याआधी त्याचं काम मान्य झालं हे समाधान. खापरी_नळ, तुम्ही मकबऱ्याच्या दरवाजाचं सांगितलंत ते म्हणूनच महत्त्वाचं. आम्ही आजही कामं करतो तेव्हा माळ्याचं नाव कुठे लिहीत नाही. मी माझ्या पुढच्या आराखड्यांवर लिहिणार आहे. माळी, गवंडी, पाथरवट, सगळ्यांची.

विझकायाचा आणखी एक भाग आपल्या लोकांनी बघण्यासारखा आहे. रस्त्याच्या पलीकडे हवेलीचं शेतगाव होतं. गोठा, कोंबड्या, खेचरांचा तबेला, भाजीमळा, रोपवाटिका, सुतारकाम, यंत्रशाळा. बागेची रोपं तिथे तयार व्हायची, हवेलीचं दूध-भाजी तिथून यायची. चित्रांत फक्त कारंजी आणि पुतळे येतात, पण रोपवाटिका आणि गोठा जवळ होता म्हणून ती बाग चालली. शेतकरी माणसाला हे सांगायला नको. आमच्या गिऱ्हाइकांना मात्र मी मुद्दाम सांगते: बागेच्या खर्चाचा कागद करताना पहिल्या वर्षाचा करू नका, दहाव्या वर्षाचा करा. डीअरिंगएवढा पैसा होता तरी वारसांना ती बाग पुढे रेटता आली नाही.

उंबरठा

ताई, आता माझी तक्रार नाही. खापरी_नळ, तुम्ही नहरींवर वेगळा धागा काढाच. बंब कुठे कुठे उभे आहेत त्याची यादी आणि फोटो टाकू. मकबरा, हिमायतबाग, बनी बेगम, तिन्ही ठिकाणी पाणी कुठून येत होतं ते एका नकाशावर दाखवता आलं तर शाळांना देता येईल. फोटो काढायचं काम माझ्याकडे.

बी_२७५

ताई, काका, सगळ्यांचं वाचून घरात बसून ठरवलंय. हिरवळ वऱ्हांड्यापुढं फक्त दोन खाटा मावतील एवढी. मुरूम जेसीबीवाल्याला सांगितलाय, टेकाड सौम्य घेतो. पाम रद्द. कारंज्याच्या जागी आईचं तुळशी वृंदावन, ती पहिल्यापासून तेच म्हणायलीय. एकच विचारायचंय. कोयनेल आत्ताच लावू का पावसाळ्यात? आणि रोपं नर्सरीतून आणू का काड्या चालतील?

गोदातीर

काड्या चालतात, रोपांचा खर्च करू नका. जून अखेरीस, जमीन पुरती ओली झाल्यावर. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या घ्या, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका. दोन ओळी, एकीतली काडी दुसरीच्या मोकळ्या जागेसमोर येईल अशा, दोन काड्यांत फूटभर अंतर. निम्मी काडी जमिनीत. बोअरचं पाणी पहिले दोन महिने अजिबात देऊ नका, पाऊस ओढला तर तळ्यातलं द्या. गुडघ्याएवढी झाली की शेंडे खुडा, म्हणजे बुडाशी फुटवे येतील. टेकाडावर करंजाच्या बिया त्याच पावसात टोका, उतारावर टोकलेलं रोप पिशवीतल्या रोपापेक्षा सोटमूळ खोल नेतं. औशाकडे येणं झालं की बघायला येतो.